तगरीचं औषध सांगायचं नसतं

आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाच्या पत्रकात डोळ्यांबद्दलचा मजकूर माझा आहे. ‘डोळ्यात मध घालू नका. दूध घालू नका. कोणत्याही झाडाचा रस, चीक, मुळी घालू नका. डोळा लाल झाला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आजच.’ यातला ‘आजच’ मी भांडून ठळक करून घेतला होता. धुळ्यात बसस्टँडवर, देवपुरात कॉलेजांच्या फाटकांवर, आठवडी बाजारांत आम्ही ही पत्रकं वाटतो. लोक घेतात, ‘चांगलं काम करता ताई’ म्हणतात आणि पुढच्या गाडीवर त्याच कागदात भजी घेऊन खातात. मला राग येतो. येऊ दे. ज्याला राग येत नाही त्याने हे काम करू नये.

अशात एक दिवस चोपड्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने फोन असा धरला होता की अर्धाच चेहरा दिसावा.

मावशी घरी ब्लाउज शिवते. फोन मशीनला टेकवून ठेवायचा, काम चालू आणि गप्पाही चालू, ही तिची रीत. त्या दिवशी मशीन बंद होतं. पडद्यावर उजवा गाल, उजवा डोळा, कान. डावी बाजू गायब. तिला लहानपणी गोवर झाला होता, तेव्हापासून उजव्या डोळ्याने अंधुकच दिसतं. सुईत दोरा ओवते, टीप घालते, रस्ता ओलांडते ते सगळं डाव्या डोळ्यावर.

“मावशी, फोन सरळ धर.”

“सरळच शे.”

“डावा डोळा दाखव.”

“उनी का धुयानी म्याडम! लगन जमाडाले दखाडू का डोया?” ती हसली, फोन हलला आणि मला ओझरतं दिसलं. पापणी सुजून अर्धी मिटलेली, आतला पांढरा भाग लालभडक. दिराच्या शेतात मक्याची कणसं मोडायला गेली होती, पान सपकन डोळ्यात बसलं. “थोडं खुपस. जाई बरं.”

“डोळ्यात काही घातलंस का?”

“नही.”

इतक्या पटकन म्हणाली की घातलंय हे मला तिथेच कळलं.

मावशीच्या गल्लीत एक म्हातारी अक्का आहेत. नात्याच्या कुणी नाहीत, पण अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांच्या अंगणात तगरीचं झुडूप आहे, माणसाच्या उंचीचं, गर्द हिरव्या पानांचं. संध्याकाळी टोकं पिळलेल्या पांढऱ्या कळ्या दिसतात, सकाळी झाडावर चांदणं सांडल्यासारखी फुलं. तगर काही दुर्मिळ नाही. सरकारी बंगल्यांच्या कुंपणाला तगर, धुळ्यातल्या व्यापारी पेठेत मारवाडी घरांच्या पायरीशी पूजेसाठी तगर, नर्सरीत तर ‘कमी पाणी, बारमाही फूल’ म्हणून आधी तगरच पुढे करतात. शोभेचं झाड. पण आमच्याकडे ते नुसतं शोभेचं कधीच नव्हतं. दाढ दुखली की त्याची मुळी चावायची. कापलं, खरचटलं की पान खुडून चीक लावायचा. वैशाखात डोळ्यांची आग होऊ लागली की ओली फुलं मिटल्या पापण्यांवर ठेवून पडायचं. हे शेवटचं मीही केलेलं आहे आणि छान गार वाटतं, हे खोटं कशाला सांगू? मिटल्या पापण्यांवर, बरं का. प्रश्न पापणी उघडल्यावर सुरू होतो.

अक्कांकडे डोळ्याचं औषध होतं. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. औषध पहाटे द्यायचं, मूठ झाकून आणायचं. पैसे घ्यायचे नाहीत. आणि मुख्य नियम असा की काय दिलं ते देणाऱ्याने सांगायचं नाही आणि घेतलं हे घेणाऱ्याने सांगायचं नाही. सांगितलं की उतरतं. हा नियम ज्याने कुणी काढला त्याच्यावर माझा जुना राग आहे. चुकलं तरी कळू नये, कळलं तरी विचारू नये आणि विचारलं म्हणून गुण गेला तर दोष विचारणाऱ्याचा! एवढी सोय तर मोठमोठ्या औषध कंपन्यांनाही नसते.

मी अमळनेरमार्गे एसटीने चोपड्याला गेले. मावशी पदराने डोळा झाकून ओट्यावर बसलेली. पदर मीच बाजूला केला. बुबुळावर एक पांढुरका ठिपका होता, ताकाचा शिंतोडा उडावा तसा. पापण्यांच्या केसांत पांढरं काहीतरी सुकून चिकटलेलं.

“हे काय आहे?”

“पू शे.”

“पू नाही हा. अक्कांनी काय घातलं?”

“कोन अक्का?” मावशी म्हणाली. ज्या अक्कांच्या दारावरून ती दिवसातून दहादा जाते त्या अक्का!

आत मावसा कपाळाला हात लावून बसले होते. “मी सांगं जळगावले चाल. ती म्हने आजून थोडं थांब. आते तूच देख.”

आम्ही तिघं जळगावला निघालो. बसमध्ये मावशी खिडकीपासून दूर बसली, ओला रुमाल डोळ्यावर दाबून. उजेड सहन होत नव्हता. तापीच्या पुलावर तिने विचारलं, “पानी शे का व नदीले?” मी हो म्हटलं. तिने मान त्या बाजूला वळवली आणि उजवा डोळा बारीक केला. तिला पाणी दिसलं नव्हतं. पत्रकात मी लिहिलं होतं, ‘दृष्टी जाऊ शकते.’ किती सहज लिहिलं होतं. आता तेच शब्द शेजारच्या सीटवर बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. यंत्राला हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “डोळ्यात काय घातलं होतं?”

“काही नाही.” डॉक्टरसमोर मावशीची भाषा शहरी झाली.

“गावठी काही? रस, चीक?”

“नाही.”

“खोटं बोलतेय!” मी म्हणाले. “पापण्यांवर सुकलेलं दिसतंय ना तुम्हाला? मावशी, सांग त्यांना! डोळा जाईल तुझा! कसली गं लाज, कुणाला घाबरतेस?”

“तुम्ही बाहेर बसा,” डॉक्टर म्हणाल्या.

“पण मी...”

“बाहेर.”

बाहेरच्या बाकावर सगळे एकेक डोळा झाकून बसलेले. मी दाराकडे बघत होते. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मशीनवर अर्धवट राहिलेला ब्लाउज आठवत होता. एका बाहीत सुई तशीच टोचून ठेवलेली. ती बाही आता कोण लावणार, हा मूर्ख प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

आत बोलावलं तेव्हा मावशी रडत होती आणि डॉक्टर तिला रडू नका, डोळा चोळू नका म्हणून दटावत होत्या. मी नव्हते तेव्हा मावशीने सांगितलं होतं. अक्कांनी औषध घातलं होतं, एकदा नाही, अनेकदा. काय घातलं ते तिला ठाऊक नव्हतं. डोळे मिटून मान वर करायची, अक्का बोटाने पापणी उचलायच्या, फडक्याच्या टोकातून थेंब पडायचा. पांढरट होतं. आधी गार वाटायचं, मग झोंबायचं.

“अक्कांच्या दारात कोणती झाडं आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“तगर आहे. कुंपणाला पांढरी कण्हेर आहे. मागे रुई.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तिन्हींना पांढरा चीक. नीट ऐका. रुईच्या चिकाने डोळा भाजला असेल तर सूज उतरवायला एक औषध द्यावं लागतं. पण मक्याचं पान लागून आत बुरशी धरली असेल आणि मी तेच औषध दिलं, तर ते बुबुळ खाऊन टाकेल. मी नमुना खरवडून घेतलाय, काचेवर स्पष्ट काही दिसत नाही. पक्का रिपोर्ट यायला वेळ लागेल आणि डोळा तोवर थांबणार नाही. काय घातलं ते मला आज कळायला हवं.”

मी अक्कांच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. सून बिचारी म्हणाली, “ताई, त्या औषधाचं मलाही सांगत नाहीत. फोनवर तर नावच नको. तुम्ही या, पण सांगतील असं वाटत नाही.”

मावशीपाशी मावसांना बसवलं आणि मी परत एसटी धरली. जाताना केळीचे ट्रक रस्ता अडवून उभे होते. ड्रायव्हर तंबाखू मळत बसला आणि मी सीटवर बसून त्याच्या मानेकडे रागाने बघत राहिले. वाटेत मनात भाषण तयार करत होते. माझी भाषणं चांगली असतात. पहिल्या वाक्याला माणूस खजील झाला पाहिजे, असं मी नव्या मुलांना शिकवते.

अक्का अंगणात बसून रुईच्या पानांची माळ गुंफत होत्या. दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीला लागणारी माळ. देठ खुडलं की चीक टपकत होता आणि त्या हात लुगड्याला पुसत होत्या. भाषण राहिलं बाजूला.

“अक्का, हा चीक घातलात का मावशीच्या डोळ्यात?”

“कोन सांगं तुले मी काही घालं म्हनीसन?”

“मावशीने. डॉक्टरला.”

अक्कांचे हात थांबले. “सांगी दिधं तिनी?” मग पुन्हा पान ओवू लागल्या. “मंग गयं औषध. आते काही व्हवाव नही.”

“औषध गेलं नाही, डोळा चाललाय! काय घातलंत तेवढं सांगा.”

“तू कागद वाटस ना? सुननी वाची दखाडा माले. आक्षर मोठं शे, चांगलं शे.” त्या खरंच कौतुकाने बोलत होत्या की टोमणा मारत होत्या, मला अजून कळलेलं नाही. “त्यामा लिख ना, आक्का डोया फोडस.”

“लिहीन. नावानिशी लिहीन. डोळा गेला तर पोलिसातही जाईन.”

“जाय.” मग आणखी एक पान ओवून म्हणाल्या, “मन्ही काय वैरीन शे का ती? मन्हा बठ्ठा झंपर तीच शिवस.”

मी खाली बसले. मला रडू येत होतं आणि ते मला या बाईसमोर नको होतं. म्हटलं, “अक्का, तिचा उजवा डोळा आधीच गेलेला आहे. माहीत आहे ना तुम्हाला? डावा गेला की ती आंधळी होईल. काय घातलं ते कळलं तर डॉक्टरला औषध ठरवता येतं. एवढंच आहे. मला तुमचं औषध नको.”

त्यांनी माळ टोपलीत टाकली. माझ्याकडे नाही, कुंपणाकडे बघत म्हणाल्या, “सांगता नही येस.” मग, “देता येस.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. त्यांना हे औषध सासूने दिलं होतं, कानात. एकदाच देता येतं, एकालाच. दिलं की देणाऱ्याच्या हातातून गेलं, पुढे तिने कुणाच्या डोळ्याला हात लावायचा नाही. ज्याला दिलं त्याने काय करायचं, कुणाला सांगायचं, ते त्याचं तो बघेल. सुनेला द्यायचं त्यांच्या मनात होतं. सून घेत नव्हती.

“हात धुई ये,” अक्का म्हणाल्या.

ज्या विधीची मी बाजारात उभी राहून नक्कल करते, लोकांना हसवते, त्यासाठी मी निमूटपणे रांजणापाशी जाऊन हात धुतले. पूर्वेला तोंड करून बसायला सांगितलं, बसले. अक्कांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. तंबाखूच्या मिश्रीचा वास आला. त्या कुजबुजत होत्या आणि मी एकेक शब्द पाठ करत होते. तगरीची मुळी. सहाणेवर उगाळायची. फुलांवर पहाटे जमलेलं दव झटकून घ्यायचं त्या पाण्यात. कमी पडलं तर रांजणातलं. वर उमलत्या कळीचा रस. फडक्यातून थेंब.

“आणि रुई?” मी पुटपुटले.

“रुई डोयामा?” त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. “पागल शे का? डोया जाई ना!”

“कण्हेर?”

“ती तं जहर शे. ढोरबी तोंड नही लावत.”

मी सहाण बघायला मागितली. त्यांनी रांजणाच्या ओलीतच ठेवलेली सहाण दाखवली. कडेला हिरवी बुळबुळी धरलेली, मधल्या खळग्यात आधीच्या उगाळण्याचा थर. मी फोटो काढला आणि तिथूनच, अक्कांच्या समोर, डॉक्टरांना फोन लावला. अक्का ऐकत होत्या. मी ‘तगरीची मुळी’ म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. बस, एवढंच. रागावल्या नाहीत.

“रुई नाही, नक्की?” डॉक्टरांनी विचारलं.

“नक्की. त्यांनी मला... नक्की.”

“दगडाचा फोटो पाठवा. मी बुरशी धरून चालते.” फोन बंद.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अक्का खरं बोलल्या कशावरून? म्हाताऱ्या बाईला आठवतं कशावरून? रुईचा चीक लागलेल्या त्याच हातांनी कळी पिळली नसेल कशावरून? हे मी डॉक्टरांना परत फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “तेही मनात धरलंय. आता मला काम करू द्या.”

पुढचे दिवस तासातासाला थेंब. मावसा मोबाइलचा गजर लावून उठायचे. मी धुळ्याहून येत-जात राहिले आणि प्रत्येक वेळी दारातून आत शिरताना आधी तिचा डोळा बघायचे, मग तिला. ठिपका मोठा झालाय असं वाटायचं. मग नाही वाटायचं. मावशी चिडायची. “मन्हं तोंड देख कधी तं! डोयानीच मावशी शे का मी?”

रिपोर्ट आला. बुरशीच होती. बहुधा मक्याच्या पानाबरोबर गेली, डॉक्टर म्हणाल्या, सहाणेने भर घातली असेल, नसेलही. तगरीने डोळा बिघडवला असं त्या म्हणायला तयार नव्हत्या. “उशीर झाला, हे मात्र नक्की.” मी त्यांना खोदून विचारलं, कारण मला पत्रकासाठी वाक्य हवं होतं. ‘तगरीने घेतला डोळा’, असं. ते मिळालं नाही आणि जे मिळालं नाही ते मी छापत नाही. तगरीच्या मुळीत दाढ बधिर करणारं काही आहे का, चिकाने जखम भरते का, हे मला माहीत नाही. तपासायला हवं. कोण तपासणार? ज्यांना तपासणं जमतं ते तगरीला कुंपण समजतात आणि ज्यांना तगरीचं औषध माहीत आहे ते कानात बोलतात. मधल्या जागेत आमच्या मावशा डोळे मिटून मान वर करून बसलेल्या. आणि डोळ्यांचा डॉक्टर नदीपलीकडे, एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने गाठायच्या अंतरावर. यावर पत्रक काढा म्हटलं की आमच्याच गटातले म्हणतात, विषय फार मोठा होतो.

डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला फिकट पांढरा डाग राहिला, मध्यावर नाही, म्हणून दिसतं. सुई ओवायला आता ती खिडकीत जाऊन बसते आणि दोनतीनदा चुकते. काळ्या कापडावर काळी टीप घालत नाही. तसली गिऱ्हाइकं परत पाठवते, ‘हात भरेल शेतस’ म्हणून सांगते.

अक्कांनी त्यानंतर कुणालाही औषध दिलं नाही. त्यांचा नियम त्यांनी पाळला. पण लोक थांबले नाहीत. कुणी डोळा घेऊन आलं की अक्का सांगतात, आता माझ्याकडे नाही, धुळ्याच्या पोरीकडे आहे. आणि सुनेकडून माझा नंबर देतात.

म्हणून मला फोन येतात. मी सुरुवातीला ओरडायचे, ‘माझ्याकडे काही औषध-बिवषध नाही, डॉक्टरकडे जा.’ लोक फोन ठेवून द्यायचे. आता ओरडत नाही. हो म्हणते, माझ्याकडे आहे. अक्कांनी दिलंय. पण पहिल्यांदा जळगावला दाखवून यायचं, तोवर डोळ्याला कशाचाही थेंब लावायचा नाही, त्याशिवाय मी हात लावत नाही. हे खोटं आहे का, ठरवता येत नाही मला. औषध आहेच माझ्याकडे, हात लावत नाही हेही खरं. पण गटातल्या कुणाला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच ते म्हणाले असते.

काही जण जातात. नंतर फोन करून सांगतात, नुसते डोळे आले होते, थेंब दिले, बरं आहे. काहींचं काही कळत नाही.

आज सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एका बाईचा फोन आला. मुलीच्या डोळ्याला काडी लागली, डोळा उघडत नाही. मी नेहमीचं सांगितलं. ती म्हणाली, “जळगाव लई दूर पडस, ताई. तुम्हीन नही का येवाव?”

“नाही येणार. आधी डॉक्टर. आजच निघा. गाडीचं बघू का मी? काही घातलं तर नाही ना डोळ्यात?”

ती थांबली. “नही,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी उलट फोन लावला. वाजत राहिला. चोपड्यातल्या एका कार्यकर्त्याला पाड्याचं नाव कळवलं आहे, तो मोटारसायकलवर निघालाय. त्याचा फोन अजून आलेला नाही. मी तिचा नंबर पुन्हा लावतेय.